बालकवींचं वाचन ठेवताय ना, मग आधी हे वाच

चिरंजीव,

तुझा मेसेज मिळाला. वाचनालयाने १३ ऑगस्टचा बालकवी जयंतीचा प्रोग्रॅम तुझ्या गळ्यात मारलाय आणि तू आता पाहुणे शोधत फिरतेयस. तर पहिलं सांगतो, पाहुणे शोधू नकोस. खरंच. पाहुणे आले की दीपप्रज्वलन आलं, शाल-श्रीफळ आलं, परिचय आला, मग पाहुण्यांचं पाऊण तासाचं भाषण ज्यात बालकवी पाचेक मिनिटं असतात आणि बाकी "आजची पिढी वाचत नाही" हे असतं, मग आभार प्रदर्शन, आणि लोक चपला शोधायला उठतात. कविता राहूनच जाते. कवीचा फोटो, हार, दोन उदबत्त्या एवढं कर, पाच मिनिटांत उरक, आणि वाचायला बस.

लोक येतात ते एकच बालकवी डोक्यात घेऊन. श्रावणमासी. शाळेत पाठ केलेली असते, आजही कुणालाही मधेच उठवलं तरी पहिल्या चार ओळी धाडधाड म्हणून दाखवेल. तो माणूस म्हणजे फुलं, पाखरं, इंद्रधनुष्य, सगळं छान छान, लहान मुलांचा कवी, हे पक्कं बसलेलं आहे आणि "बालकवी" या नावाने अजूनच घट्ट केलंय. आता बघ, ते नाव त्याला मिळालं १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात, अध्यक्ष डॉक्टर कीर्तिकर होते त्यांनी दिलं, कारण समोर उभा राहून कविता म्हणणारा त्र्यंबक बापूजी ठोंबरे तेव्हा जेमतेम १६-१७ वर्षांचा होता. म्हणजे बाल कोण तर कवी, वाचणारा नाही! पण आपण उलटं धरून बसलोय. तुझ्या प्रोग्रॅममधून लोक घरी जाताना त्यांना दुसरा बालकवी भेटलेला असला पाहिजे, माझ्या मते बाकी काही नाही जमलं तरी चालेल.

त्यासाठी भाषणाची गरज नाही, नुसता क्रम नीट लावायचा.

सुरुवात श्रावणमासीनेच कर, तिला टाळून दुसरं काहीतरी हटके करायला जाऊ नकोस, लोक हिरमुसतात. सगळ्यांनी मिळून म्हणायची. फक्त एक होईल, दुसऱ्या ओळीपासून सगळे धावत सुटतील. त्या ओळीत मात्रा आठ, आठ, आठ आणि सहा अशा पडतात, त्यामुळे पाय आपोआप ठेका धरतात आणि शाळेतली ती सुरावट जिभेवर येते, मग शब्द कुणी ऐकतच नाही. एकदा तशी म्हणू दे मनसोक्त. मग लगेच एकाच माणसाला तीच कविता बोलल्यासारखी वाचायला सांग, चाल नाही, अभिनय नाही, जिथे वाक्य संपतं तिथे थांबायचं. तू बघच काय होतं ते. अर्ध्या लोकांना पहिल्यांदा कळेल की त्यात काय काय लिहिलंय.

मग फुलराणी, ही मुलांना देऊन टाक. मोठ्यांनी वाचली की गोड गोड होते, पण मुलांना वाटून दिली की मजा येते कारण शेवटी चक्क लग्न आहे, नवरदेव रविकर, नवरी फुलराणी, बोलणी पक्की करायला चंडोल निघालाय, वारा सनई वाजवतोय, भारद्वाज नाचतायत, निर्झर पखवाज. एकेका पोराला एकेक पात्र दे. आई-बाबा मोबाईल काढून शूटिंग करतील, करू दे, त्या निमित्ताने हॉल भरलेला राहतो (हे जरा धूर्तपणाचं आहे पण चालतं).

इथपर्यंत सगळं ओळखीचं. आता औदुंबर. आठच ओळी आहेत. कुणालाही बॅकग्राउंड सांगू देऊ नकोस, नुसती वाच, थांब, दुसऱ्या आवाजात परत वाच, एकदा बाईने एकदा पुरुषाने वाचली तर अजून बरं. आणि मग एकच प्रश्न विचार, की त्यातली पायवाट कुठे जाते. लोक म्हणणार गावाकडे. कारण गाव आहे ना त्यात, टेकडीकडे चार घरांचं चिमुकलं, पुढे शेतमळे. कागदावर परत बघायला सांग. पायवाट हिरव्या कुरणांतून चाललीय ती काळ्या डोहाकडे. आणि तिथे पाण्यात पाय टाकून तो औदुंबर बसलाय, गावाकडे कुणी जातच नाहीये. निळं-हिरवं-पांढरं करत करत शेवटी सगळं काळ्यावर येतं. हे तू सांगू नकोस, त्यांना सापडू दे, कुणीतरी आजी किंवा मागे बसलेला बारावीचा पोरगा बोलतोच. या आठ ओळींवर समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिलीयत, एकमेकांशी वादही घातलेत, तू त्यात पडू नकोस. कुणी म्हणालं मृत्यू आहे, कुणी म्हणालं छे, नुसतं शांत झाड आहे, तर दोघांना मान हलव आणि "कुठल्या ओळीवरून वाटलं?" एवढंच विचार. हा प्रश्न सोडू नकोस, नाहीतर गप्पा कवितेवरून सुटून आपापल्या आयुष्यावर जातात आणि मग आवरत नाहीत.

त्यानंतर पारवा. खचलेली भिंत, पडकी धर्मशाळा, कौलावर बसून घुमणारा एकटा पारवा. इथे हॉल गप्प होईल. होऊ दे. माइकवाल्याला आधीच सांगून ठेव की मधे म्युझिक लावायचं नाही, त्यांना फार हौस असते.

एक धोका आहे तो सांगून ठेवतो. उदास कविता आली की कुणीतरी त्याच्या मरणाचा विषय काढणारच. ५ मे १९१८, जळगावजवळचं भादली स्टेशन, रेल्वेखाली सापडून गेला, वय सत्तावीस. एवढं सांग, लपवू नकोस, पण त्याच्या पुढचे तर्क नकोत, अपघात होता की काय होतं यावर अर्धा तास जातो आणि हातात काही येत नाही. कविता मरणाचा पुरावा म्हणून वाचायची नसते. त्याऐवजी विचारलंच कुणी तर कवी रेव्हरंड टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं सांग, त्यांनी या पोराला घरातलाच समजून ठेवून घेतलं होतं, ते ऐकायला लोकांना आवडतं आणि खरंही आहे.

आता बारीकसारीक. कॉपीराइटची काळजी करत होतीस, आपल्याकडे कवी गेल्यावर साठ वर्षं, म्हणजे यांचं कधीच मोकळं झालंय, बिनधास्त झेरॉक्स काढून वाट. पुढच्या वर्षी कुसुमाग्रज ठेवलेत तर मात्र असं करता येणार नाही, ते १९९९ ला गेले. व्हॉट्सअपवरून आलेला मजकूर छापू नकोस, त्यात ओळी गाळलेल्या असतात, शब्द बदललेले असतात, वाचनालयातल्या छापील संग्रहावरून टाइप कर आणि दुसऱ्या कुणाकडून तरी ताडून घे. वाचणाऱ्यांना आठवडाभर आधी कागद दे. आणि नावं विचारताना "कोण वाचणार?" असं ग्रुपवर टाकू नकोस, तेच तेच चार जण हात वर करतात, तू स्वतः एकेकाला फोन कर, विशेषतः जे रोज पेपर वाचायला येऊन गुपचूप बसतात ना त्यांना.

अक्षर मोठं ठेव, सोळा पॉइंटच्या खाली नको, निम्मे लोक चष्मा घरी विसरून येतात. आणि खुर्च्या गोल मांड, स्टेज वापरू नकोस. अध्यक्ष नाराज होतील, त्यांना श्रावणमासी सुरू करून द्यायला सांग, खूश होतील.

कागद तयार झाला की मला पाठव, एकदा नजर टाकतो.

काका