अलास्कात व्हेल बघायला आई-बाबांना न्यायचंय, तीन तासांची टूर पुरेल की छोट्या बोटीवर आठवडाभर जावं?

आधी सरळ उत्तर देते. नुसता व्हेल बघायचा असेल तर जुनोहून, म्हणजे अलास्काच्या राजधानीहून, निघणारी तीन-चार तासांची टूर पुरते. उन्हाळ्यात ऑक बे बंदरातून रोज बोटी सुटतात आणि हंपबॅक जातीचे व्हेल तेव्हा त्याच भागात खात फिरत असतात, त्यामुळे दिसायची खात्री जवळजवळ असतेच. पण तुम्ही लिहिलंय की आई-बाबा सत्तरीचे आहेत, एकदाच नेणं होणार आहे, तर छोट्या बोटीवरच्या आठवड्यासाठी एवढे पैसे घालायचे का. माझं मत विचाराल तर हो, जमत असेल तर घाला, फक्त बोट नीट निवडून घाला.

कारण सांगते. हंपबॅक वर येतो तेव्हा चार-पाच श्वास घेतो, मग पाठीची कमान होते, शेपूट पाण्याबाहेर उभी राहते आणि तो खाली जातो तो पाच-दहा मिनिटं गायब. छोट्या टूरमध्ये जाण्यायेण्याचा वेळ वजा केला की व्हेलजवळ मिळतो अर्धा-पाऊण तास, क्रूझवाल्यांना परत जहाज गाठायचं असतं, आजूबाजूला अजून चार बोटी असतात, मग तीन-चार वेळा शेपूट दिसते, सगळे फोन घेऊन एका बाजूला धावतात, फोटो निघतो आणि बोट वळते. त्यात वाईट काही नाही, आनंद होतोच. पण तो प्राणी तिथे नेमकं काय करतोय हे कळायला वेळ लागतो आणि आठवड्याच्या बोटीवर तुम्ही तो वेळच विकत घेत असता.

मी सिएटलला राहते. आई-बाबा पुण्याहून आले होते तेव्हा आम्ही जुनोहून निघून फ्रेडरिक साउंड, चॅथम स्ट्रेट या सामुद्रधुन्या करत ग्लेशियर बे या खाडीकडे जाणारी छोटी बोट घेतली होती, जेमतेम डझनभर प्रवासी. चॅथम स्ट्रेटमध्ये एके सकाळी कॅप्टनने इंजिन बंद केलं आणि दुपारपर्यंत आम्ही तिथून हललोच नाही, कारण समोर बबल नेट चाललं होतं.

हे जरा सविस्तर सांगते कारण याच्यासाठीच जायचं. हे व्हेल हिवाळ्यात हवाईला असतात, तिथे पिल्लं होतात पण खायला जवळपास काहीच नसतं, मग साधारण ४,८०० किलोमीटर पोहून ते अलास्कात येतात आणि उन्हाळाभर खातात, हेरिंग आणि क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातला मासा, चपळ आणि थव्याने फिरणारा, एकट्याने पकडायला अवघड. मग पाच-दहा-पंधरा व्हेल एकत्र खाली जातात, एक जण थव्याभोवती गोल फिरत बुडबुडे सोडतो, त्या बुडबुड्यांची भिंत होते आणि मासे ती ओलांडत नाहीत. मालवणच्या किनाऱ्यावर रापण लावताना मासे वेढत आणतात ना, तसंच, फक्त इथे जाळं हवेचं आहे. त्याच वेळी एक जण खालून मोठ्याने ओरडतो, मासे घाबरून वर सरकतात, आणि मग सगळे व्हेल तोंडं उघडून एकदम पाण्याबाहेर येतात. एकेक व्हेल चाळीस-पंचेचाळीस फुटांचा, वजन तीस टनांच्या घरात, आणि असे दहा-बारा जण एका गोलातून वर. आमच्या बोटीवर हायड्रोफोन होता, म्हणजे पाण्यात सोडायचा माइक, त्यातून ती खालची हाक स्पीकरवर ऐकू यायची, लांब, चढत जाणारी, आणि ती थांबली की दोन-तीन सेकंदात पाणी फुटायचं. थोड्या वेळाने आईला कॅप्टनच्या आधी जागा कळायला लागली कारण सीगल आधीच घिरट्या घालत त्या ठिकाणी जमतात, ती नुसती वर पक्ष्यांकडे बघत बसायची आणि बोट दाखवायची. बाबांचा एकच प्रश्न होता की यांना कोण काय करणार हे कोण ठरवून देतं. त्यावर आमची गाइड म्हणाली की हे सगळे एका कुटुंबातले असतात असंही नाही, पण तेच तेच व्हेल वर्षानुवर्षं एकत्र येऊन असं खाताना नोंदवले गेलेत. सगळेच हंपबॅक हे करत नाहीत, त्या भागातलेही सगळे करत नाहीत. म्हणजे हे शिकलेलं आहे, एकमेकांकडून. मला अजून यापेक्षा जास्त थक्क करणारी गोष्ट माहीत नाही.

आणि ओळखायचं कसं, तर शेपटीवरून. शेपटीच्या खालच्या बाजूला काळ्या-पांढऱ्याची नक्षी असते, प्रत्येकाची वेगळी. खाली जाताना मागून फोटो काढायचा आणि हॅपीव्हेल नावाच्या साइटवर टाकायचा, आधी कुणी त्याचा फोटो टाकला असेल तर जुळवून सांगतात. आमच्या फोटोतला एक माऊईजवळ आधी नोंदवलेला निघाला. हे नक्की करा, आई-बाबांनाच करायला द्या.

आता बोट निवडायचं. ब्रोशरमधले बेड आणि जेवणाचे फोटो बाजूला ठेवा, त्यांना फोन करा आणि विचारा की व्हेल दिसल्यावर तुम्ही काय करता. अलास्कात २००१ पासून कायदा आहे की हंपबॅकच्या १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९० मीटर, बोट न्यायची नाही, आणि ग्लेशियर बे नॅशनल पार्कमध्ये तर पाव नॉटिकल मैल, म्हणजे साडेचारशे मीटरहून थोडं जास्त. चांगला कॅप्टन लांबूनच वेग कमी करतो, व्हेलच्या वाटेत आडवा जात नाही, बाजूला थांबतो. कधीकधी मग व्हेल आपणहून जवळ येतो, तो त्याचा निर्णय, तेव्हा इंजिन न्यूट्रलला ठेवून गप्प उभं राहायचं. श्वास सोडला की वास येतो, कुजक्या माशाचा, चष्म्यावर थेंब उडतात. पण “आम्ही तुम्हाला अगदी जवळ नेतो” असं जो फोनवर सांगेल त्याच्या बोटीवर जाऊ नका, हे मी कळकळीने सांगते. ग्लेशियर बेमध्ये बार्टलेट कोव्हला एका हंपबॅक मादीचा पूर्ण सांगाडा उभारलेला आहे, तिचं नाव स्नो, १९७५ पासून संशोधक तिला ओळखत होते. २००१ मध्ये एका क्रूझ जहाजाची धडक बसून ती मेली, पोटात पिल्लू होतं. हाडं साफ करून जोडायला बरीच वर्षं लागली, २०१४ मध्ये सांगाडा लोकांसाठी खुला झाला. पंचेचाळीस फूट लांब आहे. तिथे जरूर थांबा, आणि थांबलात की १०० यार्ड कशाला लागतात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

अजून एक, हल्ली व्हेल पूर्वीइतके नाहीत. शिकार बंद झाल्यावर संख्या छान वाढत होती, पण २०१४ ते २०१६ मध्ये उत्तर पॅसिफिकचं पाणी खूप तापलं, खाणं कमी झालं, आणि २०१२ ला जे हंपबॅक अंदाजे ३३,००० होते ते २०२१ पर्यंत २६,००० च्या आसपास आले. म्हणून आठवड्याच्या टूरमध्येसुद्धा बबल नेट दिसेलच असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. आठवडा हाताशी असला की शक्यता बरीच वाढते, एवढंच खरं.

बाकीचे प्राणी. ओर्का, म्हणजे किलर व्हेल, दिसले तर नशीब. त्यांचे तिथे मुख्य दोन प्रकार, एक मासे, विशेषतः सॅमन खाणारे, दुसरे सील आणि पॉरपॉइज (डॉल्फिनसारखा छोटा प्राणी) असे प्राणी खाणारे. एकाच पाण्यात राहतात पण आपसात पिल्लं होत नाहीत, बोलीसुद्धा वेगळी, आणि दुसरे शिकार करताना अगदी चूप असतात कारण सीलला ऐकू येतं. डॉल्स पॉरपॉइज बोटीच्या पुढे पाणी उडवत पळतात, हे बाबांचे सगळ्यात लाडके होते. समुद्री ऑटर भरपूर दिसतात, पाठीवर तरंगत पोटावर खेकडा ठेवून खाणारे. फरच्या व्यापारात त्या भागातले सगळे मारले गेले होते, १९६० च्या दशकात अल्यूशियन बेटं वगैरे भागातून चारशेच्या आसपास आणून सोडले, आता वीस हजारांहून जास्त आहेत आणि खेकडे-शिंपल्यांचे कोळी वैतागलेत, त्यांचंही ऐकलं तर पटतं. ग्लेशियर बेमधल्या मार्बल आयलंड्सवर स्टेलर सी लायन असतात, गोंगाट आणि वास दोन्ही लांबून येतं, आणि तिथेच नारिंगी चोचीचे पफिन पक्षी. अस्वलांसाठी ॲडमिरल्टी बेट, तिथे तपकिरी अस्वलं दीड हजारांच्या आसपास आहेत, माणसांपेक्षा जास्त. पॅक क्रीकला उतरायचं तर परमिट लागतं, बोटवाले आधी काढून ठेवतात. पण उतरायची गरज पडतेच असं नाही, ओहोटीला किनाऱ्यावर गवत खाणारी अस्वलं होडीतूनच निवांत दिसतात.

ग्लेशियर बेची एक गोष्ट माहीत असू द्या. १७९४ मध्ये जॉर्ज व्हँकुव्हर या ब्रिटिश दर्यावर्दीची जहाजं तिथून गेली तेव्हा ही खाडी जवळजवळ सगळी बर्फाखाली होती, आत जेमतेम पाच मैल पाणी. आज पासष्ट मैल आत जाता येतं. त्याआधी बर्फ पुढे आला तेव्हा हूना ट्लिंगिट या तिथल्या मूळ लोकांना आपली गावं सोडावी लागली होती, २०१६ मध्ये त्यांचं क्लॅन हाउस, म्हणजे कुळांचं सामायिक घर, बार्टलेट कोव्हला परत उभं राहिलं. स्नोच्या सांगाड्यापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे, तेही बघा. एका दिवशी दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना आत सोडतात, त्यामुळे शांतता असते.

कुणीतरी खाली विचारेलच की व्हेल काय आपल्या समुद्रात नाहीत का. आहेत की. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यापुढे ब्रायडीज व्हेल आणि ब्लू व्हेलसुद्धा नोंदवले गेलेत. अरबी समुद्रातले हंपबॅक तर स्थलांतरच करत नाहीत, इथेच राहतात, ओमानजवळ शंभराहून कमी उरलेत असा अंदाज आहे. त्यातल्या लुबान नावाच्या मादीला ओमानला सॅटेलाइट टॅग लावला होता, ती २०१७ च्या शेवटी समुद्र ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्याला आली आणि परत गेली. पण आई-बाबांना ठरवून नेऊन दाखवता येतील असे ते नाहीत, थोडे आहेत, लांब आहेत, आणि त्यांच्यामागे बोटी लागू नयेत असंच मला वाटतं.

आता तब्येतीचं आणि पैशाचं. आठवड्याच्या छोट्या बोटीला माणशी साधारण पाच हजार डॉलरपासून पुढे धरा, सहज दुप्पटही होतं. बोट बहुतेक वेळ बेटांच्या आडोशाने जाते त्यामुळे फार हलत नाही, आइसी स्ट्रेटच्या पश्चिमेला उघड्या समुद्राच्या लाटा लागतात तेव्हा गोळी आधी घ्यायची, उलटी आल्यावर नाही. गुडघ्यांचं मात्र आधी विचारा: केबिनपर्यंत शिडी आहे का जिना, आणि होडीत उतरताना पायरी किती खाली. आमच्या आईला तेवढाच त्रास झाला. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा, लोणचं, चटणी, मेतकूट सोबत न्या, कुणी हरकत घेत नाही. पाऊस जवळजवळ रोज, मे-जून त्यातल्या त्यात कोरडे, सप्टेंबर नको. आमच्या मते जूनचा शेवट ते ऑगस्टचा मध्य उत्तम. छत्री वाऱ्यात टिकत नाही, रबरी बूट आणि पूर्ण रेनकोट-पँट घ्या, बऱ्याच बोटी देतात. दुर्बीण ८x४२, प्रत्येकाला वेगळी, एकात तिघं करू नका.

एवढं बजेट नसेल तर माझा दुसरा पर्याय गस्टाव्हस, ग्लेशियर बेजवळचं छोटं गाव. जुनोहून फेरीने किंवा छोट्या विमानाने जायचं, तिथे चार दिवस राहायचं, एक दिवस बार्टलेट कोव्हहून ग्लेशियर बेची दिवसभराची बोट आणि बाकी दिवस पॉइंट अडॉल्फसकडे जाणाऱ्या छोट्या व्हेल टूर. पॉइंट अडॉल्फसला उन्हाळ्यात व्हेल ठाण मांडूनच असतात. सगळं मिळून बोटीच्या निम्म्यात होऊ शकतं, आणि रोज रात्री जमिनीवर झोप.

मोठी क्रूझच घ्यायची असेल तर एक गोष्ट तिकीट काढायच्या आधी बघा. सिएटलहून सुटणाऱ्या क्रूझ बहुतेक करून कॅनडात व्हिक्टोरियाला थांबतात आणि दुसऱ्या काही तर सुटतातच कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरातून, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर आई-बाबांना कॅनडाचा व्हिसा वेगळा लागतो, आणि अमेरिकेचा मल्टिपल एन्ट्री हवा. जुनोला विमानाने गेलात तर सिएटलहून अडीच तास, सगळा देशांतर्गत प्रवास, हा प्रश्नच येत नाही. दोघांचा व्हिसा कुठला आहे ते कळवलंत तर पुढचं सांगते.