ट्रेमोलो माउथ ऑर्गन वाजवता येतो. ऑक्टेव्ह प्रकार घेतला तर जड जाईल का?

नाही, जड जाणार नाही, फक्त खालच्या सप्तकात श्वास जास्त लागेल. दोन्ही प्रकारांत एका स्वराला दोन रीड (हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्या) असतात. ट्रेमोलोत त्या किंचित वेगळ्या लावतात (४४० आणि ४४४ हर्ट्झ असतील तर सेकंदाला चार हेलकावे), तर ऑक्टेव्हमध्ये एक रीड बरोबर दुप्पट कंपनाची, ४४० ला ८८०. म्हणून आवाज थरथरत नाही, भरीव आणि स्थिर येतो. अडचण मंद्र रीडची: ती लांब असते आणि क्षणभर उशिरा बोलते. जोरात फुंकलंत तर वरची आधी वाजते, खालची घुसमटते. तिथे फुंक हळू सुरू करून वाढवायची. होनर कंपनीच्या ‘ऑटो व्हॉल्व्ह’ या ऑक्टेव्ह माउथ ऑर्गनमध्ये आत झडपा आहेत, त्यामुळे हवा वाचते आणि वाजवणं खरंच सुखाचं होतं. मात्र ब्लूज संगीतासारखं स्वर वाकवणं (श्वासाने स्वर खाली ओढणं) हवं असेल तर ऑक्टेव्ह प्रकार घेऊ नका, दोन रीड एकत्र वाकवणं फार कठीण. त्यासाठी साधा दहा भोकांचाच बरा. विकत घेताना सगळ्यात खालचा स्वर अगदी हलक्या फुंकीने वाजवून बघा. दोन्ही रीड एकदम बोलल्या तरच घ्या.