माझा १७ वर्षांचा भाचा गे आहे. त्याच्यासोबत बसून बघता येतील असे सिनेमे सुचवाल का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की भाच्याने हे घरात सगळ्यांत आधी तुम्हाला सांगितलं, त्याच्या आईला अजून काही माहीत नाही, आणि ‘शेवटी कुणी मरत नाही’ असेच सिनेमे हवेत. ही अट वाचून आधी हसू आलं. मग वाटलं, किती बरोबर ओळखलंय तुम्ही. ‘माय मरो पण मावशी जगो’ ही म्हण काही उगाच पडलेली नाही.

मी गे आहे. वय ४२, मूळचा साताऱ्याकडचा, आता पुण्यात. माझ्या शाळेच्या वयात हिंदी सिनेमात आमच्यासारखा माणूस दिसायचा तो लचकत चालून हशा पिकवायला. जरा गंभीर सिनेमा असला की तो शेवटी मरायचा किंवा एकटा उरायचा. त्यामुळे पुढे काय होणार याबद्दल माझ्या डोक्यात दोनच चित्रं होती, आणि दोन्ही नको होती.

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला एका मैत्रिणीने तिच्या भाड्याच्या खोलीवर कॉम्प्युटरला एक सीडी लावली. सिनेमा होता ‘ब्यूटिफुल थिंग’. पहिली वीस मिनिटं मी पडद्यापेक्षा छताच्या पंख्याकडे जास्त बघितलं. तिला माझ्याबद्दल काही माहीत असेल असं मला अजिबात वाटत नव्हतं. (सगळ्यांना सगळं माहीत असतं, हे कळायला पुढची दहा वर्षं गेली.)

त्याच सिनेमापासून सुरुवात करतो. १९९६ सालचा, ब्रिटिश, दिग्दर्शिका हेटी मॅकडॉनल्ड. जोनाथन हार्वीने आधी त्याचं नाटक लिहिलं होतं, ते १९९३ मध्ये लंडनमध्ये झालं. जागा आहे थेम्समीड, आग्नेय लंडनमधली सरकारी घरांची वसाहत. काँक्रीटच्या इमारती, लांबच लांब सामाईक गॅलऱ्या, एकाच्या घरातलं भांडण चौघांना ऐकू जाणार. आपल्या चाळीत वाढलेल्या माणसाला काही समजावून सांगावं लागत नाही. तिथे जेमी राहतो, खेळाच्या तासाला दांडी मारणारा. शेजारी स्टी, खेळात हुशार, पण घरी बाप आणि भाऊ त्याला बडवतात. एका रात्री जेमीची आई सँड्रा स्टीला आपल्या घरी झोपायला घेते. जागा नाही म्हणून दोघं एकाच पलंगावर, एकाचं डोकं तिकडे, एकाचं इकडे. तिथून गोष्ट सुरू होते, आणि ती फार हळुवार आहे.

तुम्ही मात्र बघताना सँड्राकडे लक्ष ठेवा. पबमध्ये काम करणारी, एकटीने पोरगा वाढवलेली, तोंडाने फटकळ बाई. पोराबद्दल कळतं तेव्हा ती काही आदर्श माता वगैरे होत नाही. चिडते, रडते, बोलू नये ते बोलते. आणि मग त्याच्या बाजूने उभी राहते. शेवटी वसाहतीच्या मधल्या चौकात, भर दिवसा, सगळ्यांच्या देखत ही दोन मुलं हळूहळू नाचायला लागतात. लोक जमतात. तेव्हा सँड्रा शेजारच्या लिआला ओढते आणि तिच्यासोबत नाचायला लागते, आणि बघणाऱ्यांकडे अशी बघते की काय बिशाद कुणी काही बोलेल. ही लिआ शाळेतून काढून टाकलेली, दिवसभर ममा कॅस या अमेरिकी गायिकेची जुनी गाणी मोठ्याने लावणारी पोरगी. वसाहतीत तिलाही कुणी धड समजत नाही. त्या चौकात चार माणसं नाचत असतात, दोन नाही. हा फरक मला तेव्हा कळला नव्हता. आज तो सिनेमा लावला की मी त्या दोन बायकांनाच बघतो.

काळही लक्षात घ्या. त्या वेळी ब्रिटनमध्ये मुलगा-मुलीच्या संबंधांना संमतीचं वय १६ होतं आणि दोन पुरुषांसाठी १८, तेही १९९४ पर्यंत २१ होतं. दोन्ही सारखं व्हायला २००१ उजाडलं. शिवाय १९८८ पासून ‘कलम २८’ लागू होतं. स्थानिक प्रशासनाने समलैंगिकतेचा ‘प्रसार’ करू नये असं ते म्हणायचं, आणि त्या धाकाने शाळेत शिक्षक या विषयावर तोंडच उघडत नसत. इंग्लंडमध्ये ते २००३ मध्ये गेलं. म्हणजे तो चौकातला नाच आज नुसता गोड वाटतो, पण तेव्हा त्याला धाडस लागत होतं. आपल्याकडे समलैंगिक संबंध गुन्ह्यातून वगळणारा कलम ३७७ चा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा. तुमचा भाचा तेव्हा प्राथमिक शाळेत असेल. त्याला कायद्याची भीती माझ्यासारखी ठाऊक नसेल, वर्गातल्या पोरांची असेल.

माझा मुद्दा तुमच्या लक्षात आला असेल. या प्रकारचे सिनेमे लोक प्रेमात पडणाऱ्या दोघांसाठी बघतात. तुम्ही तिसऱ्या माणसासाठी बघा. मैत्रीण, आई, शेजारीण, मास्तर. सिनेमा चांगला की नुसताच गोग्गोड, हे त्या तिसऱ्या माणसावरून कळतं. आणि तुमच्या घरच्या गोष्टीत ते काम तुमच्याकडे आलंय.

या दृष्टीने माझा सगळ्यांत आवडता ब्राझीलचा ‘द वे ही लुक्स’, २०१४, दिग्दर्शक डॅनियल रिबेरो. लिओनार्दो हा जन्मापासून आंधळा मुलगा. वर्गात ब्रेलच्या यंत्रावर टकटक करत लिहितो, तर मागची पोरं त्यावरून त्याला छळतात. जिओवाना ही लहानपणापासूनची मैत्रीण, रोज त्याला घरापर्यंत सोडते. मग वर्गात गॅब्रिएल नावाचा नवा मुलगा येतो आणि सोडायला तो जायला लागतो. बस, एवढंच. पण त्या ‘एवढंच’ मध्ये जिओवानाचं काय होतं ते बघा. ती दुखावते, अबोला धरते, आणि खरं काय ते कळल्यावर तिला ते पचवायला वेळ लागतो. दिग्दर्शक तिला तो वेळ देतो.

याच तीन मुलांना घेऊन रिबेरोने आधी २०१० मध्ये एक लघुपट केला होता. त्याच्या पोर्तुगीज नावाचा अर्थ ‘मला एकट्याने परत जायचं नाही’. मोठ्या सिनेमाच्या नावाचा अर्थ ‘आज मला एकट्याने परत जायचंय’. चार वर्षांत नाव उलटं झालं, कारण मोठा सिनेमा फक्त प्रेमाचा नाही. आई-वडील त्याला एकट्याला कुठे पाठवत नाहीत, दूर देशात शिकायला जायचं म्हटलं की घाबरतात, आणि त्याला मात्र कुणाचा हात न धरता थोडं चालायचंय. आपल्या घरांत हे दृश्य परकं नाही. मुलगा गे असो-नसो, ‘बाळा, पोचलास की फोन कर’ काही सुटत नाही.

शेवट सांगत नाही, पण शेवटाजवळचा एक क्षण सांगतोच. लिओ नेहमीसारखा गॅब्रिएलचा दंड धरून चाललाय, मागून पोरं चिडवतायत. लिओचा हात दंडावरून हळूच खाली सरकतो आणि गॅब्रिएलचा हात हातात घेतो. संवाद नाही, भाषण नाही. बर्लिनच्या महोत्सवात याला टेडी पुरस्कार मिळाला, तो समलैंगिक विषयांवरच्या सिनेमांसाठी असतो. मला विचाराल तर त्या एका हालचालीसाठीच द्यायला हवा होता.

मैत्रीवरचा सिनेमा हवा असेल तर ‘द हाफ ऑफ इट’, २०२०, अॅलिस वू. हा मुलीचा आहे, पण म्हणून सोडू नका. एली चू ही अमेरिकेतल्या एका आडगावातली चिनी मुलगी. वडील तिथल्या रेल्वे स्टेशनवर, आई नाही. पैसे घेऊन ती वर्गातल्या पोरांचे निबंध लिहून देते. पॉल नावाचा धांदरट, भला पोरगा तिच्याकडे प्रेमपत्र लिहून मागतो, आणि ज्या मुलीसाठी मागतो तिच्यावर एलीचंही मन असतं. पुढचा घोळ तुमच्या लक्षात आला असेलच. पण सिनेमा खरा आहे एली आणि पॉलचा. त्याला जेव्हा तिच्याबद्दल कळतं, तेव्हा चर्चमध्ये वाढलेला हा पोरगा पहिल्या फटक्यात ‘हे पाप आहे’ असंच म्हणतो. मग घरी जातो, इंटरनेटवर शोधतो, डोकं खाजवतो, हळूहळू बदलतो. पहिली प्रतिक्रिया चुकली म्हणून माणूस बाद होत नाही, हे मला या सिनेमात फार आवडलं. मागे कधी तुमच्याकडूनही काही चुकीचं बोलून गेलं असेल, तर पॉलला बघून धीर येईल. त्यात आगगाडीमागे धावण्याचा एक प्रसंग ही मंडळी टीव्हीवर बघतात, तो चक्क हिंदी सिनेमातला आहे. एली त्याची टर उडवते. तो प्रसंग लक्षात ठेवा, सिनेमात पुढे लागेल.

बाकीचे भरभर सांगतो. ‘जोंगेन्स’, २०१४, नेदरलँड्स: रिले शर्यतीच्या सरावात भेटलेली दोन मुलं, नदी, उन्हाळा, आई गेलेलं घर. सव्वा तासाचा, शांत. ‘हँडसम डेव्हिल’, २०१६, आयर्लंड: रग्बीवेड्या वसतिगृहात एका खोलीत कोंबलेले दोघं. यात प्रेमप्रकरण नाही, मैत्री आहे, आणि एक इंग्रजीचे मास्तर आहेत जे मुलांना ‘दुसऱ्याचा आवाज उसना घेऊ नका’ म्हणतात आणि स्वतः मात्र लपून जगतात. ‘शो मी लव्ह’, १९९८, स्वीडन, लुकास मूडिसनचा पहिला मोठा सिनेमा: ओमोल नावाच्या कंटाळवाण्या गावातल्या दोन मुली. मूळ स्वीडिश नावात त्या गावाला सरळ शिवी आहे, म्हणून बाहेरच्या जगासाठी नाव बदललं. थोडा खडबडीत आहे, दारू, शिव्या, एक जीव नकोसा झाल्याचा प्रसंगही आहे. तो आधी तुम्ही एकट्याने बघा आणि मग ठरवा. शेवट मात्र दुधात चॉकलेट पावडर ढवळण्यावर होतो, याहून निरुपद्रवी शेवट मला माहीत नाही.

‘मूनलाइट’ (२०१६) बद्दल सगळे सांगतील. ऑस्करचा सर्वोत्कृष्ट चित्रपट, आणि खरोखर थोर. पण आत्ता नको. अंगावर येतो. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्ल्यू’ ही कादंबरी आणि त्यावरचा २०२२ चा सिनेमा, तेही पुढे कधीतरी. तो प्रेमभंगाचा सिनेमा आहे आणि तुमची अट तुम्हीच घातली आहे.

मराठीत किशोरवयीन मुलांवर या तोडीचं काही मला सापडलेलं नाही. पण रोहन कानवडेंचा ‘साबर बोंडं’ आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक विभागातला ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळवणारा मराठी सिनेमा. नायक तिशीतला. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी जातो, नातेवाईक ‘लग्नाचं काय’ विचारून जीव खातात, आणि लहानपणचा मित्र बाळ्या तिथे शेती करतोय. त्यातली आई बघा. तिला माहीत आहे, आणि ती त्यावर एकही व्याख्यान देत नाही. सतरा वर्षांच्या मुलाला संथ वाटेल. पण आपली बोली, आपलं सुतक, आपला वाडा-ओटा यांत आपल्यासारखा माणूस दिसणं म्हणजे काय, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. त्याला ते अठराव्या वर्षी मिळालं तर बिघडलं काय?

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो तुम्ही कंसात हळूच विचारलाय: ताईला सांगू का?

नाही. तो म्हणेपर्यंत नाही, आणि ‘ती समजून घेईल, मला खात्री आहे’ असं वाटलं तरी नाही. यासाठी ‘लव्ह, सायमन’ (२०१८) बघा. हॉलिवुडच्या मोठ्या स्टुडिओचा, चकचकीत, थोडा साखरेच्या पाकातला, पण एक गोष्ट त्याने चोख सांगितली आहे. सायमनचे ईमेल एका वर्गमित्राच्या हाती लागतात, तो आधी त्यावरून त्याला अडवतो आणि मग सगळं शाळेसमोर उघडं करतो. घर चांगलं, आई-वडील चांगले, तरीही सायमन संतापतो, कारण कधी, कुठे, कुणाला सांगायचं हे त्याने ठरवायचं होतं. भाच्याने ताईला सांगितलं आणि ताई कोलमडल्या, तर त्या वेळी मुंबईतला ‘स्वीकार’ हा अशा मुलांच्या आई-वडिलांचा गट आहे, आणि पुण्यात बिंदुमाधव खिरेंच्या ‘समपथिक’ संस्थेने या विषयावर मराठीत बरंच काम केलंय. हे नुसतं माहीत असू द्या.

सुरुवात ब्राझीलच्या सिनेमाने करा, दीड तासाचाच आहे. ‘तुझ्यासाठी शोधलाय’ असं म्हणू नका, ‘कुणीतरी सुचवलाय, बघायचा का’ म्हणा. खोटंही नाही ते. मध्येच तो मोबाईल काढून बसला तर बसू दे, मीही पंख्याकडेच बघत होतो. आणि संपल्यावर ‘कसा वाटला?’ विचारू नका. माझ्या मैत्रिणीने तेव्हा काहीच विचारलं नाही. ‘चहा टाकते’ म्हणाली आणि आत गेली. मी तिला तीन आठवड्यांनी सांगितलं, तेही चहा पितानाच.