डिफॉल्ट ब्राउझर बदलला, तरी लिंक एजमध्येच का उघडते?

प्रश्न : विंडोज ११ मध्ये मी फायरफॉक्स डिफॉल्ट केला आहे. ईमेलमधल्या लिंक त्यातच उघडतात. पण स्टार्ट मेनूत काही शोधलं किंवा विजेट्समधल्या बातमीवर क्लिक केलं, की एज (मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर) उघडतो. माझं काही चुकतंय का?

तुमचं काहीच चुकलेलं नाही. डिफॉल्ट ब्राउझर निवडताना आपण खरं तर ‘एचटीटीपी’ आणि ‘एचटीटीपीएस’ने सुरू होणाऱ्या लिंक कुणी उघडायच्या ते ठरवत असतो. स्टार्टमधला शोध आणि विजेट्स मात्र पत्त्याच्या आधी ‘मायक्रोसॉफ्ट-एज’ आणि अपूर्णविराम जोडून लिंक पुढे धाडतात. तशी लिंक विंडोज थेट एजच्या हवाली करतं. तुमची निवड तिथे विचारातच घेतली जात नाही. स्वतः पडताळून पाहायचं असेल, तर विंडोजचं बटण आणि ‘आर’ एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत रोमन लिपीत ‘मायक्रोसॉफ्ट-एज’, मग अपूर्णविराम आणि त्याला लागूनच एखाद्या साइटचा पूर्ण पत्ता टाइप करून एंटर दाबा. डिफॉल्ट कुठलाही असो, एजच उघडेल.

एजडिफ्लेक्टर नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर यावर २०१७ पासून कामी येत होतं. अशा लिंक उघडणारा प्रोग्राम म्हणून ते स्वतःची नोंद करायचं, पत्त्याआधी जोडलेलं नाव काढून टाकायचं आणि उरलेला पत्ता तुमच्या ब्राउझरला द्यायचं. २०२१च्या अखेरीस विंडोज ११ च्या अपडेटने ती वाट बुजवली. माझ्या मते हे साफ चुकीचं होतं. वापरणाऱ्याने सेटिंग्जमध्ये जाऊन उघडपणे निवड केली असेल, तर ती संगणकातल्या प्रत्येक ॲपला बंधनकारक असायला हवी. त्यात कंपनीची स्वतःची ॲप्सही आली.

सध्या एमएसएजरिडायरेक्ट हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरता येतं. एज सुरू होताना त्याला दिलेला पत्ता ते टिपतं आणि तुमच्या ब्राउझरकडे वळवतं. मोठ्या अपडेटनंतर ते अडखळू शकतं, तेव्हा त्याचीही नवी आवृत्ती घ्यावी लागते. ते फक्त निर्मात्याच्या गिटहब (सॉफ्टवेअरचा कोड ठेवण्याची वेबसाइट) पानावरूनच घ्या.

प्रश्न : युरोपातल्या विंडोजमध्ये ही अडचण नाही, असं ऐकलं. म्हणून सेटिंग्जमध्ये प्रदेश बदलून युरोपातला देश निवडला, तरी काहीच फरक पडला नाही. असं का?

ऐकलंत ते खरं आहे. युरोपीय संघाचा डिजिटल मार्केट्स ॲक्ट हा बड्या टेक कंपन्यांच्या वर्चस्वाला आळा घालणारा कायदा मार्च २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना लागू झाला आणि तिथल्या वापरकर्त्यांना एज अधिकृतपणे काढून टाकण्याची सोय मिळाली. जून २०२५ मध्ये तर विजेट्स आणि लॉक स्क्रीनवरच्या लिंकही डिफॉल्ट ब्राउझरमध्ये उघडतील, असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं. म्हणजे तांत्रिक अडचण कधी नव्हतीच! पण यासाठी विंडोज बघतं तो प्रदेश संगणक पहिल्यांदा सुरू करताना निवडलेला असतो. तो बदलायचा तर संगणक रीसेट करावा लागतो. एवढ्यासाठी तो खटाटोप करू नका.

प्रश्न : मग एज मुळापासून उपटून टाकणारी स्क्रिप्ट (आज्ञांची तयार फाइल) चालवू का?

नको. अशा स्क्रिप्ट अनेकदा प्रशासकाचे सगळे अधिकार मागतात. शिवाय एखाद्या अपडेटबरोबर एज परत आला, तर केलेली मेहनत वाया. त्यातही वेबव्ह्यू२ हा भाग चुकून उडाला, तर नवं आउटलुक, टीम्स आणि विजेट्स बंद पडू शकतात, कारण त्यांच्या खिडकीत दिसणारा मजकूर तोच दाखवतो. एज राहू द्या, फक्त लिंक वळवा.

प्रश्न : ऑफिसच्या आउटलुक आणि टीम्समधल्या लिंकही एजमध्ये उघडायला लागल्या आहेत.

इथे मात्र सरळ सोय आहे. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने हा बदल आणला, तेव्हा पसंती बदलण्याचा पर्यायही ठेवला. जुन्या आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड असं जा. तिथे लिंक कशात उघडायच्या हे विचारणारी यादी आहे, तीत ‘डिफॉल्ट ब्राउझर’ निवडा. नव्या आउटलुकमध्ये आणि टीम्समध्ये सेटिंग्जमधला ‘फाइल्स अँड लिंक्स’ हा भाग शोधा. पर्याय दिसतोय पण बदलता येत नसेल, तर तो बहुधा ऑफिसच्या आयटी विभागाने धोरण म्हणून पक्का केलेला असतो. त्यांनाच विचारावं लागेल.

प्रश्न : पीडीएफ अजूनही एजमध्येच उघडतात.

‘डिफॉल्ट ॲप्स’मध्ये ब्राउझरच्या नावापुढचं ‘सेट डिफॉल्ट’ बटण वेबपानांचं काम करतं, पीडीएफ सहसा त्यात धरलेली नसते. त्याच पानावर वरच्या शोधचौकटीत बिंदू देऊन पीडीएफ हे एक्स्टेंशन रोमनमध्ये लिहा आणि हवं ते ॲप निवडा.

प्रश्न : मॅकवर हे कुठे बदलायचं?

सिस्टिम सेटिंग्जमधल्या ‘डेस्कटॉप अँड डॉक’ विभागात, जरा खाली सरकल्यावर. मेल आणि मेसेजेस ती निवड पाळतात.