वाचक विचारतात : केटी टनस्टॉल, लूप पेडल आणि कानांची काळजी

प्रश्न : मागच्या अंकात स्कॉटलंडच्या केटी टनस्टॉलचा ओझरता उल्लेख होता. ती कोण? एका टीव्ही कार्यक्रमाने तिचं नशीब उघडलं म्हणतात, ते खरं का? (खानापूर)

उत्तर : केटी ही स्वतःची गाणी लिहून गाणारी गायिका. टीव्हीची गोष्ट खरी आहे. २००४ च्या ऑक्टोबरात बीबीसीवर जूल्स हॉलंड यांच्या कार्यक्रमात रॅपर नॅस गाणार होता. त्याचं येणं रद्द झालं आणि जेमतेम एका दिवसाच्या निरोपावर केटीला बोलावलं. सोबत बँड नव्हता. हातात गिटार, जवळ खंजिरी आणि पायाखाली आकाई कंपनीचं हेडरश हे लूप पेडल, म्हणजे वाजवलेला तुकडा नोंदवून पुन्हा पुन्हा ऐकवणारं, पायाने चालवायचं यंत्र. 'ब्लॅक हॉर्स अँड द चेरी ट्री' हे गाणं तिने तिथल्या तिथे थरावर थर रचत उभं केलं.

नशीब उघडलं हे मात्र आम्हाला पटत नाही. तेव्हा ती २९ वर्षांची होती. जन्म १९७५ चा, एडिंबरोचा. तान्ही असतानाच तिला दत्तक घेतलं गेलं आणि ती सेंट अँड्र्यूजमध्ये वाढली. त्या फाइफ भागात केनी अँडरसन म्हणजे किंग क्रिओसोट याच्याभोवती गाणाऱ्यांची एक टोळी जमली होती. ही माणसं घरीच सीडी कॉपी करून विकत. केटी त्याच वर्तुळातली, छोट्या जागी आणि रस्त्यावर गाऊन तयार झालेली. बोलावणं आलं तेव्हा गाणं बसलेलं होतं आणि पेडलवरचा पायही. तयारी नसती तर त्या एका दिवसाचा काय उपयोग झाला असता?

पुढचं थोडक्यात. 'आय टू द टेलिस्कोप' हा पहिला अल्बम २००४ च्या डिसेंबरात आला, २००५ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमसाठीच्या मर्क्युरी पुरस्काराच्या अंतिम यादीत पोचला. २००६ मध्ये तिला सर्वोत्तम ब्रिटिश गायिकेचा ब्रिट पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी 'सडनली आय सी' या गाण्यासाठी आयव्हर नोव्हेलो हा गीतलेखनाचा पुरस्कारही.

प्रश्न : मी गिटार आणि हार्मोनियम वाजवून गातो. मंडळाच्या कार्यक्रमाला तबलजी दर वेळी मिळत नाही. लूप पेडल घेऊ का? कसं जोडायचं, कसं वापरायचं? (निपाणी)

उत्तर : घ्या, पण तबलजीच्या बदली म्हणून नको. पेडल फक्त तुम्ही वाजवलेलं पुन्हा पुन्हा ऐकवतं. तुमच्याकडे बघून लय सावरत नाही.

सुरुवातीला एका बटणाचं साधं पेडल पुरे. बॉस आरसी-१ मध्ये १२ मिनिटं मावतात, टीसी इलेक्ट्रॉनिकच्या डिट्टोमध्ये ५. तुम्हाला एवढं लागणारच नाही. हिशोब करा : मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत एक मात्रा ०.६ सेकंदाची, म्हणजे केरव्याचं आठ मात्रांचं आवर्तन ४.८ सेकंदांचं आणि चार आवर्तनं १९.२ सेकंदांची. दुकानात जाताना आपली गिटार बरोबर न्या आणि पेडल पायाने दाबून बघा. बटण कडक असेल तर पाय चुकतो.

पिकअपची (वायर जोडता येणारी) गिटार असेल तर गिटार, पेडल, मग अँप अशी सरळ जोडणी. आवाज आणि हार्मोनियम माइकवरून घ्यायचे असतील तर मिक्सर लागेल. मिक्सरच्या ऑक्स सेंडमधून (हव्या त्या चॅनलचा आवाज वेगळा बाहेर देणाऱ्या भोकातून) वायर पेडलच्या इनपुटला, पेडलच्या आउटपुटमधून मिक्सरच्या रिकाम्या चॅनलला. त्या परतीच्या चॅनलवरची ऑक्सची कळ पूर्ण शून्यावर ठेवा. ती उघडी राहिली की पेडलचा आवाज पुन्हा पेडलमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू होते. ऑक्स सेंडही कमीपासून हळूहळू वाढवा. पेडल गिटारच्या बारीक सिग्नलसाठी बनलेलं असतं, मिक्सरच्या जोरदार सिग्नलने आवाज फाटतो. हार्मोनियमचा माइक भात्यापासून लांब, पट्ट्यांच्या वर वीतभर अंतरावर धरा, नाहीतर हवेचा फसफसाट लूपमध्ये बसतो.

आता पाय. नोंद सुरू करणारी पहिली दाब समेवर, नोंद बंद करणारी दाब पुढच्या समेवर. बहुतेकांची चूक इथेच होते : शेवटची मात्रा ऐकून झाली की दाबू, असं म्हणतात आणि पाय उशिरा पडतो. ०.१ सेकंद उशीर झाला तर ४.८ चं आवर्तन ४.९ चं होतं आणि प्रत्येक समेला ठेच लागते. शेजारी कोणी ढोलकी वाजवत असेल तर दहा आवर्तनांत पूर्ण एक सेकंदाचा फरक पडतो. उपाय एकच : आधी एक आवर्तन रिकामं मोजा, आणि सम हाताने वाजवता त्याच क्षणी पाय पडू द्या. पहिला थर बिघडला तर वर काहीही रचू नका, पुसून नव्याने घ्या. वरचे सगळे थर त्याच मापाने कापले जातात.

पहिला थर थापेचा. गिटारच्या ब्रिजजवळ तळहाताच्या मुळाने मारलं की जड आवाज येतो, कडेला बोटांनी हलका. दुसरा खंजिरीचा किंवा टाळाचा. तिसरा सुरांचा, चौथा हवा असेल तर गळ्याचा. याहून जास्त घेतले की सगळं चिखल होतं. प्रत्येक थर गाण्यापेक्षा हलक्या आवाजात वाजवा, कारण त्याच्यावर तुम्हाला गायचं आहे. केटीच्या त्या गाण्यात थाप, खंजिरी आणि 'वू-हू' अशी साद एवढंच मागे फिरत राहतं आणि म्हणूनच तिचा मुख्य आवाज मोकळा राहतो.

माइकवरचे थर लवकर उरकून घ्या. समोरच्या मॉनिटरमधून (गाणाऱ्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून) वाजणारं जुनं लूप माइकमध्ये शिरतं आणि नव्या थराबरोबर पुन्हा नोंदलं जातं. डायनॅमिक कार्डिऑइड माइक (मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा) घ्या आणि मॉनिटर त्याच्या पाठीमागे ठेवा. त्या बाजूने तो सगळ्यात कमी ऐकतो.

दोन गोष्टी आपल्याकडच्या. बहुतेक पेडलांना ९ व्होल्टचा, आतली पिन ऋण असलेला अडॅप्टर लागतो. वायफाय राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर त्याच भोकात बसतो, पण त्याची पिन सहसा धन असते आणि पेडल जळू शकतं. आणि मंडपात मधेच करंट गेला की ताल गेलाच, म्हणून पेडल आणि मिक्सर छोट्या यूपीएसवर ठेवा. दोन्ही एकाच बोर्डावर, अर्थिंग असलेल्या सॉकेटला जोडा. वेगवेगळ्या बोर्डांवरून घेतलं की घूं असा आवाज धरतो.

गाणंही बघून निवडा. मुखडा आणि अंतरा एकाच सुरावटीवर चालत असतील तर लूप शोभतं. भजनात मात्र शेवटी लय चढते आणि लूप जागेवरच राहतं. तिथे ते बंद करा आणि टाळकऱ्यांना पुढे होऊ द्या. आपल्या भागात टाळकऱ्यांची वाण नाही.

प्रश्न : तिचं काय काय ऐकावं? (चिकोडी)

उत्तर : आधी 'आय टू द टेलिस्कोप'. मग थेट २०१३ चा 'इनव्हिजिबल एम्पायर // क्रेसेंट मून'. वडिलांचं निधन आणि घटस्फोट या काळातला, अ‍ॅरिझोनात ध्वनिमुद्रित केलेला हा शांत अल्बम आम्हाला तिचा सर्वात सच्चा वाटतो. नंतर 'किन' (२०१६), 'वॅक्स' (२०१८) आणि 'नट' (२०२२) ही आत्मा, शरीर आणि मन या क्रमाने केलेली त्रयी.

प्रश्न : तिला एका कानाने ऐकू येत नाही असं वाचलं. आमचा बँड मिरवणुकीत स्पीकरजवळ वाजवतो. आम्हालाही धोका आहे का? (बेळगाव)

उत्तर : आहे. केटीच्या डाव्या कानाची श्रवणशक्ती २०१८ मध्ये गेली. २०२१ मध्ये उजव्या कानातही तशी लक्षणं दिसू लागल्यावर तिने दौरा सोडला. तिचं दुखणं मोठ्या आवाजानेच झालं असं म्हणता येणार नाही, पण तुमच्या बँडसाठी मोठा आवाज हेच कारण पुरेसं आहे.

कामाच्या जागेसाठी वापरलं जाणारं एक माप सांगते की ८५ डेसिबलला ८ तास चालतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ ला एक तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या तोंडाशी हा आकडा सहज ओलांडतो. संगीतकारांसाठीचे फिल्टरवाले इअरप्लग घ्या, त्यांनी सूर बदलत नाही. कापसाचा बोळा फारसं अडवत नाही. स्पीकरच्या रेषेतून बाजूला उभे राहा, दर तासाला एकाने दहा मिनिटं लांब जावं.

वाजवून झाल्यावर कानात शीळ वाजत असेल तर दुसऱ्या दिवशी कानांना विश्रांती द्या. एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं तर सर्दी समजून थांबू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या. स्टेरॉइडचा उपचार सुरुवातीच्या दोन आठवड्यांतच जास्त लागू पडतो, आणि जितका लवकर तितका बरा. कान ठणठणीत असतानाच प्रत्येकाने एकदा तपासणी करून कागद जपून ठेवावा. पुढे काही झालं तर डॉक्टरांना तुलना करता येते.