वाचकांचे प्रश्न : शिकाऊ विमानांतले ऑटोपायलट

प्रश्न : आमच्याकडे सेस्ना १७२ एस जातीची दोन विमानं आहेत. जुन्यात घड्याळी पॅनेल आणि केएपी १४० हा ऑटोपायलट आहे, नव्यात जी१००० हे पडद्यांचं पॅनेल आणि जीएफसी ७०० हा ऑटोपायलट. दोन्ही दोन अक्षांचे आहेत, मग खरा फरक कशात?

उत्तर : बटणांपेक्षा, ऑटोपायलटला माहिती कुठून मिळते ते आधी बघा. दोन्ही ऑटोपायलट रोल (डावी-उजवीकडे कलणं) आणि पिच (नाक वर-खाली होणं) सांभाळतात. रडर (शेपटीवरचं, नाक डावी-उजवीकडे वळवणारं पान) तुमच्याच पायांत राहतो, त्यामुळे चढताना उजवा पाय विसरायचा नाही.

केएपी १४० ला रोलची खबर टर्न कोऑर्डिनेटर या वळण दाखवणाऱ्या उपकरणाकडून मिळते. त्यातला जायरो (वेगाने फिरणारी चकती) तिरका बसवलेला असल्यामुळे त्याला वळण्याचा आणि कलण्याचा वेग जाणवतो, विमान नेमकं किती अंश कललंय ते कळत नाही. म्हणून खडबडीत हवेत तो थोडा डुलतो. उंची तो स्वतःच्या दाबसंवेदकावरून मोजतो आणि एअरस्पीड तर त्याला अजिबात दिसत नाही. जीएफसी ७०० ला कल आणि नाकाचा कोन एएचआरएस या कल आणि दिशा मोजणाऱ्या यंत्रणेकडून थेट मिळतो, वेग आणि उंची एअर डेटा कॉम्प्युटरकडून.

हा फरक बिघाडाच्या वेळी जीवावर बेतू शकतो. जुन्या पॅनेलमध्ये हेडिंग इंडिकेटर (दिशा दाखवणारं उपकरण) व्हॅक्यूम पंपाच्या ओढीवर चालतो आणि टर्न कोऑर्डिनेटर विजेवर. व्हॅक्यूम पंप गेला की हेडिंग इंडिकेटर हळूहळू भरकटतो आणि एचडीजी (ठरवलेली दिशा धरणाऱ्या) मोडमधला ऑटोपायलट निमूटपणे त्याच्यामागे जातो. एनएव्ही (ठरवलेला मार्ग धरणारा) मोडही हेडिंग बगवर, म्हणजे हेडिंग इंडिकेटरवरच्या फिरवता येणाऱ्या खुणेवर, विसंबलेला असतो. अशा वेळी आरओएल मोडवर या. पंख समतल राहतील, दिशा चुंबकीय होकायंत्रावरून बघा. जी१००० मध्ये एएचआरएस बंद पडला की ऑटोपायलटच हातातून जातो आणि स्टँडबाय उपकरणांवर हाताने उडवावं लागतं. याचा सराव प्रशिक्षकाला सोबत घेऊन जरूर करा.

आणखी एक गोष्ट हमखास चुकते. एचएसआय (दिशा आणि मार्गाची सुई एकत्र दाखवणारं उपकरण) नसलेल्या विमानात केएपी १४० वर एनएव्ही दाबलं की एचडीजी ही अक्षरं ५ सेकंद लुकलुकतात. तेवढ्या वेळात हेडिंग बग हव्या त्या कोर्सवर न्यायचा असतो. तो जुन्याच दिशेवर राहिला, तर सुई मधोमध आणण्याचा ऑटोपायलटचा हिशेबच चुकीच्या दिशेवरून सुरू होतो.

प्रश्न : व्हीएस (ठरावीक दराने चढण्या-उतरण्याच्या) मोडमध्ये ७०० फूट प्रतिमिनिट लावून चढत होतो. वर गेल्यावर वेग कमी होत गेला. ऑटोपायलटने सावध का केलं नाही?

उत्तर : कारण केएपी १४० ला वेग कळतच नाही. पूर्ण वजनाचं १७२ एस समुद्रसपाटीला, सर्वोत्तम चढाईच्या ७४ नॉट वेगाला, मिनिटाला सुमारे ७३० फूट चढतं. वर जावं तशी इंजिनाची ताकद घटते. तरीही ७०० फुटांचा हुकूम कायम असतो, म्हणून ऑटोपायलट नाक उचलत राहतो आणि त्याच्या जोडीला ट्रिमही (हातावरचा जोर कमी करणारी सोय) नाक वर करत नेतो. शेवट स्टॉलमध्ये, म्हणजे पंखांची उचल जाण्यात, होऊ शकतो. त्यात भर म्हणजे ऑटोपायलट सुटला तरी तो ट्रिम तसाच राहतो, त्यामुळे यॉकवर (हातातल्या सुकाणूवर) नाक वर ढकलणारा जोर येतो.

सुरुवातीलाच ५०० फूट लावा आणि वेग ७५ नॉटच्या आसपास आला की १०० फुटांनी कमी करा. जीएफसी ७०० वर चढाईसाठी एफएलसी वापरा, तो वेग धरतो. मात्र त्याच विमानात व्हीएस लावला की वेगाची राखण पुन्हा तुमच्याकडे येते.

प्रश्न : केएपी १४० ठरवलेल्या उंचीपेक्षा २०० फूट वर समतल झाला. बिघाड असेल का?

उत्तर : आधी बॅरो, म्हणजे ऑटोपायलटला दिलेला हवेच्या दाबाचा आकडा, बघा. उंची आधी ठरवायची सोय असलेल्या केएपी १४० ला दाबाचा आकडा वेगळा द्यावा लागतो. ऑल्टिमीटरची (उंचीमापकाची) घुंडी फिरवली म्हणून तो बदलत नाही. १ हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे २७ ते ३० फूट, म्हणजे ७ हेक्टोपास्कलची तफावत झाली की तुमचे २०० फूट भरले. क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या हिशेबाने दिलेला स्थानिक दाब) मिळाला की ऑल्टिमीटर आणि ऑटोपायलट, दोन्ही लागोपाठ लावायची सवय ठेवा. आकडे जुळूनही फरक राहिला, तर स्टॅटिक लाइनची (बाहेरच्या हवेचा दाब उपकरणांपर्यंत नेणाऱ्या नळीची) गळती तपासायला सांगा.

प्रश्न : ऑटोपायलट चालू असताना यॉकने थोडी मदत केली तर चालेल का?

उत्तर : पिचमध्ये तर मुळीच नाही. तुम्ही यॉक पुढे ढकलून धरलात की सर्व्होला (ऑटोपायलटच्या मोटरला) तो भार वाटतो आणि ऑटो ट्रिम नाक वर करत सुटतो. हात सोडलात की नाक झटक्यात वर जातं. उंची हाताने बदलायची असेल तर आधी ऑटोपायलट तोडा.

उड्डाणापूर्वी जमिनीवर एवढं करा : स्वयंचाचणी पूर्ण होऊ द्या, ऑटोपायलट लावा, हेडिंग बग डावी-उजवीकडे फिरवून यॉक तसा वळतो का बघा. मग हाताच्या जोराने सर्व्हो मागे हटतो याची खात्री करा, यॉकवरच्या लाल बटणाने तोडा आणि इशाऱ्याचा आवाज ऐका. इलेक्ट्रिक ट्रिमच्या स्विचचे दोन्ही भाग वेगवेगळे दाबून पाहा. एकट्या भागाने ट्रिम हलता कामा नये. शेवटी ट्रिम चाक टेकऑफच्या खुणेवर आणा.

हवेत ट्रिम आपोआप पळू लागला, तर यॉक घट्ट धरा, लाल बटण दाबून ठेवा आणि ते न सोडता ऑटोपायलटचा सर्किट ब्रेकर ओढा. हा ब्रेकर नेमका कुठे आहे ते डोळे मिटून हाताला सापडलं पाहिजे, आणि दोन विमानांत त्याची जागा वेगळी असू शकते.