स्वतःच्या सर्व्हरवरील संकेतस्थळ उघडत नाही

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या ग्रंथसूचीची एचटीएमएल पाने मी भाड्याच्या उबुंटू (लिनक्स प्रणालीचा एक प्रकार) सर्व्हरवर, माझ्या होम फोल्डरमध्ये ठेवली आणि एनजिनएक्स हा पाने ब्राउझरला पुरवणारा प्रोग्राम बसवला. मात्र ब्राउझरमध्ये ‘४०३ फॉरबिडन’ एवढेच दिसते. हाच सर्व्हर पुढे वाचनालयातील जुन्या संगणकावर चालवता येईल का?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : ४०३ दिसते, याचा अर्थ सर्व्हरपर्यंत आपण पोहोचला आहात, अडले आहे ते परवानगीपाशी. उबुंटूच्या २१.०४ आवृत्तीपासून नवे होम फोल्डर इतरांसाठी बंद असते आणि एनजिनएक्स वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालत असल्यामुळे, फाइल खुली असली तरी वाटेतले एक फोल्डर बंद असले की त्याला आत जाता येत नाही. म्हणून पाने ‘/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ (/var/www) मध्ये हलवून फोल्डरांना ७५५ व फाइलींना ६४४ परवानगी (म्हणजे बदल फक्त मालकाला करता येतील, इतरांना केवळ पाहता येईल) द्यावी आणि एनजिनएक्सच्या सेटिंग फाइलमधील ‘रूट’ ओळीत नवा मार्ग लिहावा. वैतागून ७७७ मात्र कधीही देऊ नये. तसे केल्यास सर्व्हरवरील कोणालाही आपली पाने बदलता येतात. मुख्य पानाचे ‘इंडेक्स’ हे नाव लहान लिपीतच आहे ना, हेही पाहावे, कारण लिनक्स लहान-मोठी अक्षरे वेगळी मानते आणि तेवढ्यानेही ४०३ येते.

संकेतस्थळ उघडू लागले की ते सुरक्षित (एचटीटीपीएस) करण्यासाठी लागणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून विनामूल्य मिळते. ते अल्पमुदतीचे असल्याने ते मिळवून देणाऱ्या सर्टबॉट या प्रोग्रामकडून आपोआप नूतनीकरण होते ना, याची खात्री करावी.

जुन्या संगणकावर हे चालेल. परंतु आपल्याकडचे लोडशेडिंग आणि घरगुती जोडणीचा बदलता आयपी पत्ता (इंटरनेटवर संगणक शोधण्याचा क्रमांक) पाहता भाड्याचाच सर्व्हर ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.